धागा: ग्रँड कॅन्यनला आरव्हीने जायचंय, ठाण्याहून चौघे, कोणी जाऊन आलंय का?

येऊरवाला

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला राहतो. मी, बायको, तेरा वर्षांची लेक आणि माझे बाबा, वय ७१. बाबांनी तीस वर्षं कॉलेजात भूगोल शिकवला आणि दरवर्षी फळ्यावर खडूने कोलोरॅडो नदीची दरी काढली, पण प्रत्यक्ष कधी बघितली नाही. व्हिसा चौघांचाही झालाय, आता पुढच्या मे मध्ये जायचंच असं ठरवलंय.

डोक्यात असलेला प्लॅन असा. लेकीची परीक्षा आणि नंतरची लग्नं वगैरे आटपून मे च्या शेवटच्या आठवड्यात लास व्हेगसला उतरायचं, तिथेच पंचवीस फुटी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यायची, साउथ रिमला, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, तीन रात्री, मग पेज गावावरून झायन नॅशनल पार्क करून परत व्हेगस, एकूण आठ दिवस. साउथ रिमला असताना एक दिवस मी आणि लेक ब्राइट एंजल ट्रेलने नदीपर्यंत उतरून संध्याकाळी वर येणार. आम्ही दोघं नियमित ट्रेक करतो, कळसूबाई, हरिश्चंद्रगड झालाय, मागच्या वर्षी सांदण दरी केली, त्यामुळे फिटनेसचा प्रश्न नाही.

विचारायचंय ते म्हणजे कॅम्पसाईट कुठली घ्यावी, आरव्ही इकडच्या लायसन्सवर मिळते का, आणि बाबांना दरीत न उतरता काय काय बघता येईल. अजून काही सुचलं तर तेही सांगा.

खारघर_टेकडी

कॅम्पसाईटचं सांगतो. साउथ रिमला पार्कच्या आत आरव्हीसाठी तीन जागा आहेत. मॅथर कॅम्पग्राउंड गावाला लागून, झाडीत, पण तिथे वीज-पाण्याचं कनेक्शन नाही आणि गाडी ३० फुटांपर्यंतच चालते. त्याच्या शेजारी ट्रेलर व्हिलेज, तिथे वीज, पाणी, सांडपाणी सगळी कनेक्शन मिळतात, पैसे अर्थातच जास्त. तिसरं डेझर्ट व्ह्यू, ते पूर्वेच्या टोकाला चाळीसेक किलोमीटर लांब, पन्नासेक जागा, साधारण एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडं असतं. तुमची २५ फुटी मॅथरमध्ये आरामात बसेल. बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि पटापट भरतं, म्हणजे मे ची जागा हवी तर नोव्हेंबरमध्ये त्या तारखेला लॅपटॉप उघडून बसावं लागेल.

पार्कबाहेर कैबाब नॅशनल फॉरेस्टमध्ये फुकट मुक्काम करता येतो, चौदा दिवसांपर्यंत, पण तिथे नळही नाही आणि संडासही नाही. पहिल्यांदा आरव्ही घेताय आणि बाबा सोबत आहेत, तर त्या वाटेला जाऊ नका.

नेरुळची_मावशी

येऊरवाला, बाकी सगळं नंतर बघू. आधी ते "नदीपर्यंत उतरून संध्याकाळी वर" कागदावरून खोड. मी कळकळीने सांगतेय, नीट वाच.

आम्ही दोघं २०१८ च्या जूनमध्ये गेलो होतो. आम्हीपण सह्याद्रीतलेच, वीस वर्षं ट्रेक करणारे. नदीपर्यंत जायचं नव्हतंच, फक्त मधल्या बागेपर्यंत, ज्याला आता हवासुपाई गार्डन्स म्हणतात, वरून सव्वासात किलोमीटर. नाश्ता करून सकाळी दहाला निघालो. उतरताना एवढं सोपं वाटतं ना, की वाट रुंद आहे, वळणावळणाची आहे, पायाखाली लाकडाचे ओंडके टाकून पायऱ्या केल्यात, कुठे हात टेकायची वेळ येत नाही, सव्वादोन तासात खाली पोचलो आणि हे म्हणाले आपला साधा गडसुद्धा यापेक्षा अवघड असतो.

वर येताना तीन मैलांच्या विश्रांतीघराशी यांची तब्येत बिघडली. पाणी भरपूर पीत होते, दोन बाटल्या रिकाम्या केल्या होत्या, म्हणून मला वाटलं पाणी कमी पडलेलं नाही. पण खाल्लं काहीच नव्हतं. मळमळतंय म्हणाले, मग बघते तर बोटं सुजलेली, अंगठी रुतून बसलेली, आणि "गाडीची चावी कोणाकडे आहे" हा एकच प्रश्न मला चार वेळा विचारला. ती वेळ मी अजून विसरलेले नाही. नशिबाने एक रेंजर बाई खाली चालल्या होत्या. त्यांनी पहिलं काय केलं तर पाण्याची बाटली काढून घेतली आणि खारट बिस्किटं हातात दिली. अंगातलं मीठ घामावाटे जातं आणि वरून नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम आणखी उतरतं, ते जिवावर बेतू शकतं. मग शर्ट भिजवायला लावला, सावलीत पाच वाजेपर्यंत बसवून ठेवलं, आणि सांगितलं की ऊन उतरेपर्यंत हलायचं नाही. आम्ही वर पोचलो रात्री पावणेदहाला, एका टॉर्चवर.

आता यातलं कारण समजून घे. आपल्याकडे गड म्हणजे आधी चढायचं, दमलास की मागे फिरायचं, उतार घरी आणून सोडतो. तिथे सगळं उलटं आहे. दमलायस हे कळतं तेव्हा तू तळाशी असतोस, आणि चढ अजून सुरू व्हायचा असतो. तोही भर दुपारी, आणि खाली वरच्यापेक्षा दहा-अकरा डिग्री जास्त तापलेलं असतं. मे च्या अखेरीला, जूनमध्ये खाली चाळीसच्या वर सहज जातं. दरवर्षी अडीचशेहून जास्त लोकांना त्या दरीतून वाचवून आणावं लागतं, आणि पार्कवालेच जागोजागी पाट्या लावून सांगतात की एका दिवसात नदी गाठून परत यायचा प्रयत्न करू नका. लेक तेरा वर्षांची आहे रे.

येऊरवाला

मावशी, वाचून अंगावर काटा आला. काका आता बरे आहेत ना? मी खरंच उंचीचा हिशोबच केला नव्हता, नुसते किलोमीटर बघितले होते, जेवढं जायचं तेवढंच परत, वाटलं पहाटे निघालो की जमेल.

पण एक शंका, आपण मे महिन्यात ठाण्यात ३७-३८ डिग्रीत, वर एवढ्या दमटपणात फिरतोच की. कोरड्या हवेत उलट कमी त्रास व्हायला हवा ना?

नेरुळची_मावशी

हे एकदम ठणठणीत आहेत, यंदा राजगड केला.

कोरड्या हवेचं म्हणशील तर तिथेच फसायला होतं. ठाण्यात घाम निथळतो, शर्ट अंगाला चिकटतो, आपल्याला कळतं की पाणी जातंय. तिथे घाम दिसतच नाही, आला की उडून जातो. शर्ट कोरडा आणि टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ, बस. म्हणून तहानेवर जाऊ नकोस, घड्याळ लावून दर अर्ध्या तासाला थोडं पाणी आणि सोबत खारट काहीतरी खायचंच. खारे शेंगदाणे, चिवडा, लिंबाचं लोणचं चाटलं तरी चालेल, ओआरएसच्या पुड्या इथूनच ने.

खडकवेडी

उंचीचे आकडे मी देते म्हणजे चित्र डोळ्यासमोर येईल. साउथ रिम साधारण २१०० मीटरवर आहे. कळसूबाई १६४६. म्हणजे तुमची आरव्ही जिथे उभी असेल ती जागा कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेचारशे मीटर उंच. आणि नदी आहे साधारण ७३० मीटरवर, म्हणजे माथेरानपेक्षा थोडी खालीच. आपण ठाण्याची माणसं खाडीच्या पातळीवर राहणारी, त्यामुळे पहिल्या दिवशी नुसतं सामान उचलतानासुद्धा दम लागेल, त्याला घाबरू नका पण त्याच दिवशी ट्रेलही नको.

आता तुमच्या बाबांसाठी. माझा विषय भूशास्त्र आहे म्हणून हे लिहिताना मला फार आनंद होतोय. यावापाई जिऑलॉजी म्युझियमपासून गावाकडे कड्याकडेने एक सपाट, फरसबंद वाट जाते, तिला ट्रेल ऑफ टाइम म्हणतात. २०१० मध्ये केली. त्यात एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. म्युझियमपाशी आजचा दिवस, आणि चालत जाल तसे मागे मागे जाता. वाटेत जमिनीत पितळी खुणा बसवल्यात आणि दरीतल्या प्रत्येक थराचा खडक आणून ठेवलाय, हात लावून बघता येतो. अख्खी वाट ४.५६ किलोमीटर, पृथ्वीचं वय तेवढं म्हणून. दरीतल्या खडकांचा भाग पहिल्या दोन किलोमीटरमध्येच संपतो, पुढचं ऐच्छिक.

आता हे बघा. आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट, तुमचा येऊर, पारसिकचा डोंगर, हे सगळं साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं. त्या वाटेवर ते येतं ६५-६६ मीटरवर, म्हणजे निघाल्यावर एका मिनिटात. तुम्ही कड्यावर ज्या फिकट चुनखडकावर उभे असता तो कैबाब, तो २७० मीटरवर. आणि नदीकाठचा काळा, चकाकणारा खडक, त्यासाठी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास चालावं लागतं. त्या खडकाचं नाव विष्णू शिस्ट. बाबांना माहीत असेलच, पण बाकीच्यांसाठी सांगते, दरीतल्या सुळक्यांना विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल अशी नावं आहेत. क्लॅरेन्स डटन नावाचे भूशास्त्रज्ञ १८८० च्या सुमारास तिथे काम करत होते, त्यांना ते सुळके पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले, तिथून हा पायंडा पडला. डेझर्ट व्ह्यूच्या रस्त्यावरून विष्णू टेंपल छान दिसतं. त्या टोकाला १९३२ साली मेरी कोल्टरने बांधलेला दगडी मनोराही आहे.

बाबांना दुर्बीण घेऊन द्या.

ठाणेकर_फिनिक्समध्ये

मी मूळ पाचपाखाडीचा, आता बारा वर्षं ॲरिझोनात. आरव्ही तीनदा भाड्याने घेतलीय. काही गोष्टी ज्या भाड्याने देणारे घाईत सांगतात आणि आपण जेटलॅगमध्ये ऐकत नाही.

विमानातून उतरल्या दिवशी आरव्ही चालवू नका. एक रात्र हॉटेलात झोपा. व्हेगस ते साउथ रिम साडेचारशे किलोमीटर आहे, कारला साडेचार तास, आरव्हीला सहा धरा. वाटेत विल्यम्स गावात पेट्रोल, तिकडे त्याला गॅस म्हणतात, फुल करा, लिटरला साडेतीन-चार किलोमीटरच्या वर देत नाही ती गाडी. किराणा पण तिथेच किंवा व्हेगसलाच भरा. गाडीची उंची एका चिठ्ठीवर मीटर आणि फूट दोन्हीत लिहून स्टिअरिंगपाशी चिकटवा. माझ्या पहिल्या ट्रिपला छत्री, म्हणजे बाजूला उघडतो तो कापडी पडदा, उघडाच ठेवून झोपलो, रात्री वारा सुटला आणि सगळा सांगाडा वाकला, डिपॉझिट गेलं. वाळवंटातला वारा सांगून येत नाही, झोपायच्या आधी पडदा आत.

टाक्या तीन असतात. एक चांगल्या पाण्याची, एक भांडी-अंघोळीच्या पाण्याची, एक संडासाची. मॅथरजवळ डंप स्टेशन आहे तिथे रिकाम्या करायच्या. क्रम लक्षात ठेवा, आधी संडासाची, मग भांड्यांची, म्हणजे साबणाचं पाणी मागून येऊन पाईप धुवून निघतो. हातमोजे घाला, पाईप नीट फिरवून बसला की नाही ते दोनदा बघा आणि मगच खटका ओढा. आणि ती संडासाची झडप रोज उघडी ठेवायची नाही, पाणी वाहून जातं आणि घट्ट तेवढं मागे राहतं. चौघं आहात, मॅथरला कनेक्शन नाही, त्यामुळे अंघोळी कॅम्पच्या सार्वजनिक न्हाणीघरात करा, गाडीतलं पाणी स्वयंपाकाला ठेवा. जनरेटर ठरलेल्या वेळातच चालवता येतो.

एकदा गाडी लावली की हलवू नका. पार्कच्या बस फुकट आहेत आणि साउथ कैबाब ट्रेलच्या तोंडाशी तर खासगी गाडी नेताच येत नाही, बसनेच जावं लागतं.

आणि झायन या ट्रिपमधून काढा. पेजकडून झायनला येणारा रस्ता १९३० सालच्या बोगद्यातून जातो, तो अरुंद आहे आणि ७ जून २०२६ पासून मोठ्या गाड्यांना तिथून सोडत नाहीत. पंचवीस फुटी आरव्ही रुंदीलाच बाद होते. लांबचा वळसा घालून जाता येतं पण मग आठ दिवसांपैकी दोन दिवस स्टिअरिंगवरच जातील.

चरई_नाका

लायसन्सचं. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून मिळतो, ठाण्याला किंवा नवी मुंबईला जिथलं लायसन्स आहे तिथे, परिवहनच्या साईटवर अर्ज करायचा, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट लागतं, फी १००० रुपये, एक वर्ष चालतो. मूळ लायसन्स सोबत न्यायचंच, नुसता परवाना चालत नाही. आरव्हीवाल्याला वयाची अट आणि इन्शुरन्समध्ये नेमकं काय धरलंय ते ईमेलवर लेखी विचारा, फोनवर नको.

एन्ट्री फीचं पण बघून घ्या, २०२६ पासून बदललंय. गाडीचे ३५ डॉलर आहेतच, वर बाहेरच्या देशातल्या माणसांना ग्रँड कॅन्यनसारख्या अकरा पार्कात डोईला १०० डॉलर. सोळाखालच्यांना नाही. म्हणजे तुम्ही तिघं मोठे, ३३५ झाले. त्यापेक्षा २५० चा वार्षिक पास घेतला तर गाडीतले सगळे त्यात येतात. रोख घेत नाहीत, कार्ड ठेवा.

येऊरवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर अख्खा धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. खडकवेडीताईंची पोस्ट त्यांनी परत वाचायला लावली. आज सकाळी खाली जाऊन बघतो तर बाबा आणि लेक मेजर टेप घेऊन पार्किंगमध्ये. गेटपासून ६६ मीटर मोजून पंपरूमच्या भिंतीवर खडूने "सह्याद्री" लिहिलंय. २७० मीटर नाक्यावरच्या मेडिकलपाशी येतात. विष्णू शिस्टसाठी कापूरबावडीच्या दिशेने कुठपर्यंत जावं लागेल ते दोघं फोनच्या नकाशावर शोधतायत. वॉचमनला पण समजावून झालं.

प्लॅन बदललाय. लेकीची परीक्षा एप्रिलअखेर संपते, लग्नाला बायकोचा भाऊ सांभाळून घेईल, आम्ही २ मे ला निघतोय. झायन कॅन्सल. चार रात्री मॅथरला. नदी रद्द. एक दिवस साउथ कैबाबने सीडर रिजपर्यंत आणि एक दिवस ब्राइट एंजलने दीड मैलाच्या विश्रांतीघरापर्यंत, जास्तीत जास्त तीन मैलाच्या. बरोबर आहे का?

नेरुळची_मावशी

आता बरं वाटलं. सीडर रिज जाऊन-येऊन पावणेपाच किलोमीटर आहे पण उतार साडेतीनशे मीटरचा, आणि साउथ कैबाबवर पाण्याचा एक थेंब नाही, सगळं पाठीवर न्यायचं. ब्राइट एंजलला विश्रांतीघरांशी नळ आहेत, पण थंडीत बंद ठेवतात आणि साधारण मे मध्ये सोडतात. दरीतून येणारी पाईपलाईन जुनी आहे, १९६० च्या दशकातली, ती मधेच फुटते, त्यामुळे आदल्या दिवशी व्हिजिटर सेंटरला विचारूनच निघ. उजाडता उजाडता निघा आणि दहाच्या आत वर. दहा ते चार उन्हात उतारावर असायचं नाही हा पार्कवाल्यांचाच सल्ला आहे. खाली जायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वर यायला धर. खेचरांची रांग आली की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, कड्याच्या बाजूला नाही, आणि हलायचं नाही. लेकीला हे आधीच सांगून ठेव.

खारघर_टेकडी

सरावाला एक सुचवू का, गड करू नका, माथेरान करा. दस्तुरी नाक्यापर्यंत गाडी, तिथून चालत वन ट्री हिल, आणि शिवाजी शिडीने खाली उतरून परत त्याच वाटेने वर. आधी उतार मग चढ. घोड्यांना वाट देण्याची प्रॅक्टिस पण होते.

ठाणेकर_फिनिक्समध्ये

हे फारच भारी सुचवलंत. मी इथल्या लोकांना समजावताना माथेरानचंच उदाहरण देतो, आता घरच्यांनापण हाच सराव सांगेन.

येऊरवाला

रविवारी माथेरान करून आलो. खाली पाऊण तास, वर पावणेदोन. बाबा वर वन ट्री हिलला बसून वहीत वेळा लिहीत होते. उतरताना लेक उड्या मारत पुढे पळत होती, चढताना शेवटच्या टप्प्यात दर पन्नास पावलांवर थांबली. एका दगडावर बसून चिवडा खाल्ला आणि स्वतःच म्हणाली, बाबा, आपण अजून तेवढंच खाली गेलो असतो तर? मला सांगायची गरज उरली नाही. माझीही टोपी काढून बघितली, नोव्हेंबरच्या उन्हातसुद्धा कडेला पांढरी रेघ आली होती.

काल मॅथरची जागा मिळाली, ४ मे ते ८ मे. सीडर रिज ६ तारखेला.

नेरुळची_मावशी

तुम्ही ६ तारखेला पहाटे सहाला निघाल तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतील. वर पोचलात की इथेच एक ओळ टाक. मी तोवर जागी आहे.